एकेचाळीस मुक्काम

एप्रिलमधल्या त्या मंगळवारी पाऊस पाडावा की बर्फ, हे काही आभाळाचं ठरत नव्हतं. दोन्ही मिसळून काहीतरी तिरपं तिरपं पडत होतं आणि सिग्नी हौगेन वजनकाट्याच्या खोलीत बसून काचेवरची वाफ बाहीनं पुसत होती. साउथ डकोटातल्या त्या छोट्या गावात धान्यकोठाराचा काटा एप्रिलात रिकामाच असायचा. गहू जुलैत येणार, मका ऑक्टोबरात. तोवर हीटर, रेडिओ आणि पातळ कॉफी. एकतीस वर्षांच्या सिग्नीला असे कितीतरी एप्रिल आता सारखेच वाटायला लागले होते.

तेवढ्यात फाटकातून एक निळा ट्रक आत आला. त्याच्या मागून एक पांढरा ट्रेलर आला... येत राहिला... आणि येतच राहिला. चाकांवरचं अख्खं घरच ते. खिडक्या, दार, दाराला पायरी.

ट्रकची काच खाली झाली. भिजलेली टोपी, खाली दोन दिवसांची दाढी, आणि अपराध करताना पकडलं गेल्यासारखं हसू.

"वजन करायचं होतं."

"कशाचं? धान्य तर दिसत नाही."

"घराचं."

सिग्नीला हसू आलं. तिनं ते कॉफीच्या कपाआड लपवलं. "ट्रकची चाकं आधी घ्या काट्यावर. मग सगळं. मग नुसता ट्रेलर."

"मी खाली उतरू का?"

"कशाला? वाटेत गाडी आपली आपण चालणार आहे का?"

"म्हणजे माझं वजन तुम्हाला कळणार."

"घाबरू नका. तुम्ही, डिझेल आणि सीटखालचे कॉफीचे जुने कप — सगळं एकदमच मोजलं जातं."

त्यानं पटकन सीटखाली पाहिलं. कप खरोखरच होते. मग तो असा मोकळा हसला, की सिग्नीला उगाचच आपली बाही ओली असल्याची लाज वाटली.

आकड्यांचा कागद त्याच्या हातात देताना मात्र तिच्या कपाळाला आठी होती. "ट्रेलर अकरा हजार दोनशे पौंड. ट्रक ओढील. पण ट्रकला ट्रेलर जोडलाय त्या जोडावर वजन फारच कमी आलंय. सगळा बोजा मागच्या टोकाला भरलाय तुम्ही. रस्त्यावर आडवा वारा सुटला की हे घर शेपटासारखं हलायला लागेल, आणि मग ते तुम्हाला ओढील."

"तुम्हाला कसं माहीत?"

"वडील तीस वर्षं धान्याचा ट्रक चालवायचे. मी शेजारच्या सीटवर वाढले." तिनं पेन्सिलीनं कागदावर एक बाण काढला. "सामान पुढे आणा. गुरुवारी परत या."

तो बुधवारीच आला.

"गुरुवारी सांगितलं होतं मी."

"हो... पण गुरुवार फारच लांब होता."

त्याचं नाव लायल नोव्होट्नी. शेजारच्या गावात शाळेची बस चालवायचा आणि शाळेच्या सगळ्या बसगाड्या दुरुस्तही करायचा. पस्तिशीचा होता. त्याची सात वर्षांची मुलगी, विनी, दोन वर्षांपूर्वी आईबरोबर पश्चिमेला वॉशिंग्टन राज्याच्या समुद्रकाठी पोर्ट हेलन नावाच्या गावी राहायला गेली होती. कोर्टानं उन्हाळ्यातले सहा आठवडे बापाला दिले होते. शाळा पाच जूनला सुटायची, सात जूनला त्याला निघायचं होतं. पोर्ट हेलनला विनीला घ्यायचं, तिथून किनाऱ्यानं खाली ऑरेगन, कॅलिफोर्नियातली उंच झाडं, मग पूर्वेला वळून डोंगर, गरम पाण्याचे झरे, आणि जुलैअखेर तिला पुन्हा आईच्या दारी सोडायचं.

त्यानं आपला बेत दाखवला. नकाशावर लाल फुल्याच फुल्या.

"पहिल्या दिवशी सहाशे मैल?" सिग्नीनं विचारलं.

"लवकर निघालो तर..."

"मागे तेहेतीस फूट आहेत, लायल. दिवसाला तीनशेच्या वर एक मैल नाही. चार वाजायच्या आत मुक्कामाला पोचायचं, आणि मुक्काम असा हवा की एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर पडता येईल. आणि हा किनाऱ्याचा रस्ता? ही वळणं पाहिलीस का? एका वळणावर तुझं तोंड असेल, दुसऱ्यावर तुझी शेपूट."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

नकाशा काट्यावरच्या टेबलावर मावेना, म्हणून तो तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आला. आधी आठवड्यातून दोन संध्याकाळी, मग चार, मग रोजच.

त्या घरात तिसरा माणूस होता, सिग्नीचा भाऊ ऑल्डन. तो तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. त्याला डाउन सिंड्रोम होता. सकाळी तो बेकरीत गोल पाव खोक्यात भरायचा, एक वाजता चालत घरी यायचा, साडेपाचला जेवायचा. पाच पस्तीस झालेले त्याला चालायचे नाहीत. आई कधीच अॅरिझोनाला निघून गेली होती, आणि चार वर्षांपूर्वी वडील गेल्यापासून ऑल्डनला सिग्नी आणि सिग्नीला ऑल्डन.

"तू माझ्या खुर्चीत बसलायस," पहिल्याच संध्याकाळी ऑल्डन म्हणाला.

लायल ताडकन उठला. "चुकलं माझं."

"तू सिगचा बॉयफ्रेंड आहेस?"

"ऑल्डन!" सिग्नी ओव्हनकडे तोंड करून ओरडली.

"नाही अजून," लायल गंभीरपणे म्हणाला. "अर्ज कुठं द्यायचा ते विचारायचं होतं."

ऑल्डननं विचार केला. "माझ्याकडे."

मेच्या सुरुवातीला खिडकीबाहेर लायलॅकचं जांभळं झुडूप फुललं. त्याचा वास, ओव्हनमधल्या बटाट्याचा वास आणि लायलच्या हाताला येणारा डिझेलचा मंद वास — त्या वसंतात सिग्नीच्या घराला हे तीन वास होते. ती नकाशावर वाकायची, तोही वाकायचा. बिगहॉर्नच्या डोंगरावर दोघांची बोटं एकमेकांना लागायची आणि बराच वेळ कोणाचंच बोट पुढच्या गावाला जायचं नाही.

"इथं उतार आहे," ती हळूच सांगायची. "दहा मैल... सारखा. ब्रेकवर पाय दाबून धरायचा नाही, ब्रेक जळतात. गिअर खाली टाकायचा आणि गाडीला स्वतःला सावरू द्यायचं."

"आणि चालवणाऱ्यानं स्वतःला कसं सावरायचं?"

"चालवणाऱ्यानं समोर बघायचं."

"समोरच बघतोय मी," तो म्हणायचा. तो बघत तिच्याकडे असायचा.

पहिल्यांदा त्यानं तिचं चुंबन घेतलं ते ट्रेलरमध्ये. ती फीत घेऊन विनीच्या वरच्या बर्थची उंची मोजत होती. तो म्हणाला, "किती भरली?" आणि त्यानंतर आकडा सांगायचा राहूनच गेला.

तरीही त्या दिवसांत सिग्नी सुखी होती असं म्हणता येणार नाही. जो माणूस हवा आहे, त्याच्याच जाण्याची तयारी ती रोज जेवणानंतर वही घेऊन करत होती. ती स्वतःला समजवायची, सात-आठ आठवडे तर आहेत. मका डोक्यावर जाईपर्यंत येईलच तो परत.

मेच्या चौदा तारखेला वहीत एकेचाळिसावा मुक्काम लिहून झाला. सव्वीस जुलै, पोर्ट हेलन, विनीला आईकडे सोडणे. सिग्नीनं पान उलटलं.

"आता परतीचा रस्ता. येताना एकटाच असशील, मोंटानातून सरळ आलास तर पाच मुक्काम पुरेत. बेचाळिसावा कुठं धरू?"

ऑल्डन टीव्हीसमोर हसत होता, त्याचा आवाज तेवढा येत होता.

"लायल?"

"बेचाळिसावा नाहीये, सिग्नी."

तिला आधी कळलंच नाही. मग पहिल्या दिवशी ट्रेलरच्या मागच्या टोकाला काय काय भरलं होतं ते आठवलं. सामान पुढे आणायला तिनंच मदत केली होती. अवजारांच्या पेट्या. हिवाळ्याचे बूट. जाड कोट. बर्फ उपसायचं फावडं. उन्हाळ्याच्या सहलीला फावडं कोण नेतं? तिनं ते स्वतःच्या हातांनी उचलून दिलं होतं आणि काही विचारलं नव्हतं.

"तिथं बोटींची इंजिनं दुरुस्त करायचं काम मिळालंय," तो खाली बघत म्हणाला. "सप्टेंबरपासून."

"कधी ठरलं हे?"

"फेब्रुवारीत. काट्यावर यायच्या आधी."

"आणि मला कधी सांगणार होतास?"

"रोज."

तिनं वही मिटली. मग पुन्हा उघडली, कारण हाताला दुसरं काही सुचेना.

"गेल्या उन्हाळ्यात मी विमानानं गेलो होतो," तो म्हणाला. "दोन आठवडे मोटेलच्या खोलीत राहिलो आम्ही. परत निघताना मी तिला जवळ घ्यायला वाकलो, तर तिनं हात पुढे केला. हात मिळवायला. आणि म्हणाली, 'मला बोलावलंत, आभारी आहे.' कुणाकडे पाहुणं गेलं की कसं बोलायचं ते आईनं शिकवलंय तिला... माझी मुलगी, सिग्नी. माझ्याकडे ती पाहुणी झालीय."

सिग्नी उठून भांडी घासायला लागली. ती धुतलेलीच होती.

दोन दिवस तो आला नाही. तिसऱ्या दिवशी दारात उभा राहिला, टोपी हातात, आणि एका दमात म्हणाला, "तुम्ही दोघंही चला. ट्रेलरमध्ये जागा आहे. तिथंही बेकऱ्या आहेत. तिथंही साडेपाच वाजतात."

सिग्नीला 'नाही' म्हणायचं होतं. पण गेल्या चार वर्षांत तिला 'चला' म्हणणारं कोणीच भेटलं नव्हतं. त्यामुळे ते 'नाही' तोंडातून वेळेवर निघालंच नाही.

"एक रात्र," ती म्हणाली. "तळ्यावर. ऑल्डनला कसं वाटतं बघू."

तळं चाळीस मैलांवर होतं. ऑल्डन आपली बेकरीची टोपी घालून पुढच्या सीटवर बसला आणि सगळ्या वाटेभर समोरून येणाऱ्या ट्रकवाल्यांना हात करत राहिला. पहिला तासभर तर सगळं इतकं छान होतं, की सिग्नीनं मनातल्या मनात बेकऱ्यांची नावं शोधायला सुरुवात केली. पोचल्यावर ऑल्डननं विनीच्या बर्थवर चढून बघितलं. "लायल, हे घर हलतं," तो म्हणाला. "मजा आहे."

मग ट्रेलर त्या जागेवर सपाट बसेना. फळ्या घालण्यात, पाण्याची नळी जोडण्यात वेळ गेला. साडेपाच वाजून गेले. ऑल्डन टेबलाशी बसून घड्याळाकडे बघत होता. ती खुर्ची त्याची नव्हती. पावणेसहा... सहा. त्याचे ओठ हलायला लागले.

"आलंच, राजा, पाच मिनिटं," सिग्नी म्हणाली.

पश्चिमेकडून आभाळ हिरवट काळं झालं ते तेव्हाच. हा वावटळीचा रंग, हे या भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. वारा आला तो आडवाच, आणि ट्रेलर डोलायला लागला. पत्र्यावर गारा वाजू लागल्या. आणि मग तळ्यापलीकडे वादळाचा भोंगा सुरू झाला... एकच लांब, चढत जाणारा आवाज.

ऑल्डननं कानांवर हात घेतले. सिग्नी त्याच्यापर्यंत पोचायच्या आत तो दार ढकलून बाहेर पळाला होता.

पाऊण तास. पाऊण तास ती गारांमध्ये त्याला हाका मारत होती आणि तिची हाक तिलाच ऐकू येत नव्हती. लायल तळ्याच्या काठाकाठानं धावत होता. पाण्याकडे बघायचं तिनं टाळलं. शेवटी तो लायललाच सापडला — अंघोळीच्या खोल्यांच्या मागे, भिंत आणि कचऱ्याच्या पिंपाच्या मध्ये उकिडवा बसलेला. टोपी हरवली होती. घसरून पडल्यामुळे मनगट मोडलं होतं, पण तो हात खाली घेत नव्हता, मोडलेला हातही कानावरच दाबून बसला होता.

वावटळ उत्तरेला निघून गेली. तळ्यावर कोणाला काही झालं नाही. दवाखान्यात मनगटाला प्लास्टर घातलं. पण नऊ दिवस ऑल्डन बोलला नाही. बेकरीत गेला नाही. आपल्या खुर्चीतून उठायचा तेव्हा एका हातानं खुर्चीची पाठ धरून ठेवायचा, जणू तीही पळून जाईल.

दहाव्या दिवशी जेवताना तो एकदम म्हणाला, "सिग, तू जा लायलबरोबर. मी राहीन घरी. मला कॅन उघडता येतो."

"माहितीये, राजा."

"सूपचा. आणि मक्याचा."

"माहितीये."

"एका हातानं नाही येत. प्लास्टर निघाल्यावर जा."

सिग्नीनं उठून न्हाणीघराचं दार लावून घेतलं आणि नळ सोडला.

लायल आला तेव्हा ती पायरीवर बसली होती. लायलॅक झडून तपकिरी झाला होता. तो तिच्या शेजारी बसला.

"मी थांबतो," तो म्हणाला. "कळवतो त्या बोटवाल्यांना. ठरल्याप्रमाणे सहा आठवडे जाईन, परत येईन."

किती दिवस तिला हेच ऐकायचं होतं! आणि ऐकल्यावर मात्र तिनं मान हलवली.

"थांबलास तर पुढच्या वर्षी ती पुन्हा हात पुढे करील," सिग्नी म्हणाली. "त्याच्या पुढच्या वर्षी कदाचित तोही करणार नाही. आणि तू इथं, माझ्या स्वयंपाकघरात बसून, साडेपाचला जेवत, मला कधीच काही बोलणार नाहीस. चांगला आहेस म्हणून बोलणार नाहीस. पण मला दिसेल ना ते."

"मग मी काय करू, सिग्नी? तूच सांग. आत्तापर्यंतचं सगळं तूच सांगत आलीस."

"जा."

"आणि तू?"

"माझं काय... जुलैत गहू येईल."

तिनं हसायचा प्रयत्न केला. तो तिला जमला नाही आणि लायलनं ते पाहिलं. त्यानं तिचं डोकं आपल्या खांद्याशी घेतलं. ती रडली, आवाज न करता, कारण आत ऑल्डन होता.

उरलेल्या दहा दिवसांत तिनं वही पुरी केली. प्रत्येक मुक्कामाचा फोन, कुठला पूल उंचीला कमी, कुठल्या बोगद्यात गॅसची टाकी चालत नाही, डिझेल कुठं भरायचं की ट्रेलरसकट वळता येईल. छत्तिसाव्या मुक्कामाजवळ छोटी आगगाडी होती, मुलांना बसवून जंगलातून फिरवणारी. तिच्याखाली तिनं दोन रेघा मारल्या. मध्येच हात थांबायचा. आपण कधी न बघितलेल्या मुलीसाठी, जिथं कधी जाणार नाही तिथली आगगाडी शोधतोय आपण, हे मनात यायचं. मग ती पुढची ओळ लिहायची.

सात जूनची सकाळ निर्लज्जासारखी स्वच्छ उजाडली. तारेवर कुरणातला पक्षी बसून गात होता. निळा ट्रक आणि त्यामागचं पांढरं घर सिग्नीच्या घरासमोर, अख्ख्या रस्त्याची एक बाजू अडवून उभं होतं. ऑल्डननं बेकरीतून मागवलेल्या पावांचं खोकं लायलच्या हातात दिलं, प्लास्टरचा हात त्याच्या गळ्यात टाकला आणि म्हणाला, "मला सव्वाआठला कामावर जायचंय." आणि गेला. आज पहिल्यांदाच तो परत कामावर निघाला होता.

मग दोघंच उरली.

"दिवे बघायचे राहिले," सिग्नी म्हणाली. बोलायला काहीतरी हवं होतं, आणि ते खरंही होतं. हे काम एकट्याला जमत नाही. एकानं आत बसून पाय दाबायचा, दुसऱ्यानं मागे उभं राहून सांगायचं.

तो ट्रकमध्ये चढला. ती चालत चालत ट्रेलरच्या मागे गेली. तिथून ट्रकचे आरसे दिसत नव्हते. म्हणजे तीही त्याला दिसत नव्हती.

"डावा!" तिनं ओरडून सांगितलं. डावा दिवा उघडझाप करायला लागला. "लागला. उजवा!... लागला. ब्रेक!"

दोन्ही लाल दिवे एकदम पेटले.

आता 'लागले' एवढंच म्हणायचं होतं. सिग्नीनं ट्रेलरच्या थंड पत्र्यावर तळवा टेकवला. सगळ्या वसंतात ते दोघांपैकी कोणीच बोललं नव्हतं. आधी घाई नव्हती म्हणून, आणि मग उपयोग नव्हता म्हणून.

"माझं तुझ्यावर प्रेम आहे, लायल," ती म्हणाली. फार मोठ्यानं नाही, हळूही नाही.

इंजिन घरघरत होतं. त्याच्यापर्यंत पोचलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. पण दिवे विझले नाहीत. ती वाट बघत राहिली आणि ते तसेच तिच्या चेहऱ्यावर जळत राहिले... एवढा वेळ कोणी ब्रेक दाबून धरत नाही.

"नीट ऐकू आलं नाही," पुढून आवाज आला. चेष्टेचा करायला घेतलेला आवाज मध्येच चिरकला. "पुन्हा सांग."

"ऐकलंस तू."

"हो... ऐकलं." मग, "माझंही आहे. पहिल्या बुधवारपासून."

सिग्नीनं कपाळ पत्र्याला टेकवलं. एक पाऊल बाजूला टाकलं असतं तर ती आरशात आली असती. आरशात ती दिसली असती तर तो उतरून आला असता, आणि उतरून आला असता तर...

ती जागची हलली नाही.

"ब्रेक सोड, लायल."

"सोडतो..."

दिवे तसेच होते.

"लायल. सोड."

लाल दिवे विझले. तळव्याखालून पत्रा हळूहळू पुढे सरकला, बोटांच्या टोकांपर्यंत आला आणि मग हाताखाली काहीच उरलं नाही. पांढरं घर रस्त्याच्या शेवटापर्यंत सरळ गेलं, एकदाही न हलता, वजन अगदी नीट भरलेलं होतं. कोपऱ्यावर ते थांबलं. वळायच्या आधी डावा दिवा उघडझाप करू लागला.

"लागला," सिग्नी म्हणाली.